न पाहिलेलं बांधायचं नाही

मधुकर गेल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही त्याच्याशीच भांडायची तयारी करत होतो. घाटंजीच्या आमच्या दुर्गोत्सव मंडळाची बैठक देवळाच्या सभामंडपात भरली होती. यंदाच्या नवरात्रात जगातली कुठली वास्तू उभी करायची हा विषय होता, आणि मधुकर यवतमाळच्या दवाखान्यात पडल्या पडल्या हट्ट सोडत नव्हता. मंडळाचा तरुण अध्यक्ष नीलेश मला म्हणाला, "अरुणकाका, तुम्हीच समजावा त्याहिले. आमचं आयकत नाही ते." तेवढ्यात फोन वाजला. मधुकरची बायको, रेखावहिनी. "भाऊजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. मी काय बोललो, आठवत नाही. बैठक तिथंच मोडली आणि कुणीतरी सतरंज्या गुंडाळल्या.

मधुकर माझा शाळेपासूनचा मित्र. मी तहसील कचेरीत खुर्ची झिजवली, तो वडिलांच्या शेतात कापूस आणि तूर पिकवत राहिला. पण घाटंजीत त्याला ओळखत होते ते मांडवामुळे. आमचं मंडळ दरवर्षी बांबू, कापड आणि प्लायवूडची एखादी प्रसिद्ध इमारत उभी करतं आणि देवी तिच्या आत बसते. पहिल्या वर्षी आम्ही कॅलेंडरवरचा फोटो बघून ताजमहाल केला. लोक खूश, आम्हीही खूश. त्या हिवाळ्यात मधुकर आग्र्याला जाऊन आला तो तोंड पाडूनच. "अरुण्या, आपन खोटं बांधलं रे. तिथं जवळ गेलो अन् मले माहा आवाज आपोआप कमी करावा वाटला. आपल्या मांडवात लोक भेळ खाऊन राह्यलते." त्या दिवशी त्यानं नियम करून टाकला... जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते बांधायचं नाही. मी त्याची पुष्कळ चेष्टा केली. पण नियम राहिला.

मग कापूस घरातून निघाला की स्वारी निघायची, कुठल्यातरी सहलीच्या गटाबरोबर, एकटीच. वहिनींनी कधी हट्ट केला नाही, कारण घर, गुरं आणि म्हातारे सासूसासरे कुणीतरी बघायला हवेच होते. कोणार्क झालं, हवामहल झाला, पुढं पिरॅमिड, रोमचं कलोसियम, पॅरिसचा आयफेल टॉवर. इजिप्तहून आला तेव्हा सांगत सुटला, "मले वाटे, वाळवंटात एकटंच उभं असन. तं शहर अगदी त्याच्या अंगनात घुसलं हाये." त्या वर्षी त्यानं पाणीपुरीच्या गाड्या हटवू दिल्या नाहीत. म्हणाला, पिरॅमिडला खेटूनच राहू द्या, खरं तसंच आहे. कलोसियम अर्धवट पडकं बांधलं, तर बाजाराला आलेली माणसं आम्हाला विचारायची की कामगार मधेच पळाले काय.

सगळ्यात मजा झाली ती पिसाच्या मनोऱ्याची. मधुकरनं तिथं जाऊन मान वाकडी करकरून तो बघितला होता आणि मांडव बरोबर तसाच कलता उभा केला होता. घटस्थापनेच्या सकाळी आम्ही मैदानावर पोचलो, तर मनोरा ताठ! शेजारच्या खेड्यातली चार माणसं आदल्या दिवशी आठवडी बाजाराला आली होती. देवीचा मांडव पडतोय असं वाटून त्यांनी पहाटे बैलांचे दोर आणून तो ओढून सरळ केला होता, खालून बांबूंचे टेकू दिले होते आणि आता शाबासकीची वाट बघत बसली होती. मी कपाळावर हात मारला. मधुकरनं मात्र त्यांना आधी चहा पाजला, त्यांचे आभार मानले आणि मग शांतपणे म्हणाला, "आता वाकडा कराले बी तुमीच लागता." त्यांनी त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, पण वाकडा करून दिला. पुढचे नऊ दिवस ती माणसं रोज येऊन मनोरा पडला तर नाही ना, हे बघून जायची.

मूत्रपिंडांनी दगा दिला, तेव्हा त्याच्या डोक्यात कंबोडियाचं अंगकोर वाट होतं. "एवढं मोठं आपलं देऊळ, परक्या देशात, अन् तोंड पश्चिमेले. काहून असन?" याचं उत्तर पुस्तकात मिळतं म्हटलं तर चिडायचा. त्याला त्या दारात उभं राहून, संध्याकाळचं ऊन आत कुठवर जातं ते बघायचं होतं. पासपोर्ट तयार होता. डॉक्टरांनी नाही म्हटलं. डायलिसिसवरच्या माणसाला एवढ्या लांब पाठवायला तेही धजेनात. नीलेश दवाखान्यात जाऊन म्हणाला, "काका, मोबाइलवर ड्रोननं काढलेलं सगळं देऊळ दिसते." त्यावर मधुकर म्हणाला, "मोबाइलवर जेवनही दिसते. पोट भरते काय?"

आमची शेवटची भेट त्यानंतर दोन दिवसांनी झाली. हात सुजला होता, आवाज खोल गेला होता. म्हणाला, "मी नाही गेलो तं अंगकोर होनार नाही. साधा मांडव टाका. देवीले चालते." मी नेहमीप्रमाणे थट्टा केली, आधी तू बरा हो, मग देवीचं बघू. तो हसला नाही. "अरुण्या, शब्द दे." मी दिला.

तेरवी झाली आणि मंडळ पुन्हा बसलं. ठरलं काय, तर मधुकरकाकांना श्रद्धांजली म्हणून यंदा अंगकोर वाटच उभं करायचं, व्हिडिओ बघून, आणि दारात त्यांचा मोठा फोटो. माझं डोकं फिरलं. माणूस गेला की फोटोला हार घालायचा आणि त्याचं म्हणणं गुंडाळून ठेवायचं, ही आपली जुनीच खोड आहे. मी म्हटलं, त्याच्या नावानं त्याचाच नियम मी जिवंत असेपर्यंत तरी मोडू देणार नाही. नीलेश वाईट मुलगा नाही, मधुकरच्या तिरडीला त्यानंच पहिला खांदा दिला होता. पण तोही तापला. "मंग जाते कोन पाहाले? तुम्ही जाता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विमानाला घाबरतो हे अख्ख्या घाटंजीला माहीत आहे. नागपूरच्या पलीकडे मला लग्नकार्याशिवाय कुणी बघितलेलं नाही. तरीही मी म्हणालो, "जातो. थंडीत जातो." यंदा साधा मांडव आणि पुढच्या वर्षी अंगकोर, असं त्याच बैठकीत पक्कं झालं.

बैठकीतून उठलो तो सरळ रेखावहिनींना सांगायला गेलो. वाटलं, डोळे पुसतील, बरं वाटेल त्यांना. त्या तूर पाखडत होत्या, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मी बी येते." ओसरीवर बसलेल्या नणंदेनं लगेच टोकलं, वर्षश्राद्ध व्हायच्या आधी उंबरठा ओलांडून परदेशात? लोक काय म्हणतील? वहिनींचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "लोकायले मी सांगते काय म्हनायचं ते. दरसाल नऊ दिवस त्या मांडवात आरती मी केली. खरं कसं असते, ते मले एकदाही दिसलं नाही. आता सासूसासरे नाही, हेही नाही. कोनासाठी थांबू?" घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग मी काय इथं कुलूप राखू? आता आम्ही तिघं जातोय. वहिनींच्या पासपोर्टचा अर्ज गेलाय, आमच्या दोघांचाही.

त्या देवळाच्या वरच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, असं कळल्यापासून आम्ही रोज सकाळी गावाबाहेरची टेकडी चढतो. पहिल्या दिवशी माझा दम अर्ध्यावरच संपला, वहिनी पुढं. काल बघितलं तर त्यांच्या पायात मधुकरचे प्रवासाचे कॅनव्हासचे बूट. चांगलेच मोठे होत होते त्यांना. मी म्हटलं, "वहिनी, बाजारातून तुमच्या मापाचे घेऊ ना." त्या दगडावर बसल्या, बूट काढला आणि मला आतून दाखवला. पुढं बोटांपाशी कापूस ठासून भरला होता, घरचाच, मधुकरनं शेवटच्या वर्षी स्वतः पेरलेला. मग त्यांनी बूट पुन्हा चढवला, नाडी घट्ट ओढली आणि म्हणाल्या, "चला भाऊजी, वर लय बाकी हाये."