याडीच्या मनाला शांती नव्हती

पुसदला मी जिच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्या म्हातारीनं मला वाचवलं. काय झालं ते पुढं सांगतो. हे आधी लिहून टाकतो, कारण मला लिहायची सवय नाही आणि मध्येच धीर सुटला तर निदान एवढं तरी लिहिलेलं राहील. ती बंजारा समाजाची, तांड्यावरून शहरात आलेली विधवा. पोरं पोटापाण्यासाठी लांब गेलेली. मी आधी तिला मावशी म्हणायचो. एक दिवस म्हणाली, "मावशी-बिवशी नको. याडी म्हण. आमच्यात आईले याडी म्हणतात. एवढ्या लांबून आला, कोणाले तरी आई म्हणशीन का नाही?"

मी नगरकडचा. आमचं घर आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती. नववीत शाळा सुटली, मग स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर फिरत फिरत पुसदला आलो. त्याचं काम संपलं, तो गेला. मी तिथंच एका काचेच्या दुकानात लागलो. दुकानाचा मालक विश्वासी, म्हणजे येशूला मानणारा होता. त्यानंच मला त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत नेलं, आणि मंडळीतल्याच याडीकडं खोली बघून दिली. म्हणजे माझी नोकरी, माझं छप्पर आणि माझा रविवार, तिन्ही एकाच गाठीत बांधलेली. त्या वेळी मला त्याचं कौतुकच होतं. घरी फोन करून आईला सांगायचो, काळजी करू नको, इथं आपलीच माणसं आहेत.

आमच्या गावचं चर्च दगडी. तिथं गीतांचं पुस्तक हातात धरून सरळ उभं राहून गायचं. इथं पत्र्याचा हॉल, खाली सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि टाळ्या, रडणं, हात वर करणं. सुरुवातीला मी अंग चोरून बसायचो. पण नंतर माझेही हात वर जायला लागले. तसं गाणं मी आयुष्यात कधी गायलो नव्हतो.

तिथं ढोलक वाजवायला एक जण होता. त्याच्याविषयी जास्त लिहीत नाही. तो अजून तिथंच आहे, बायकापोरांचा माणूस आहे आणि त्याला यातलं काही ठाऊक नाही. लग्नाआधी त्यानं घराला एक खोली काढली होती. तिची खिडकी मी बसवली. मी ड्रिल मारत होतो आणि तो चौकट धरून दुकानमालकाची नक्कल करत होता. हसता हसता माझं माप चुकलं तर म्हणाला, "अबे, खिडकी बसवून राह्यला का भोकं पाडून राह्यला?" त्या दिवशी मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले. मला वाटलं, प्रवचनात प्रभूचा आनंद म्हणतात तो हाच.

त्याच्या लग्नात कळलं की तो आनंद कशाचा होता. तसं नवीन काही नव्हतं. गावी असल्यापासून माझं मन पोरींकडं गेलंच नव्हतं. ते बदलावं म्हणून लहानपणापासून प्रार्थना करत आलो होतो, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या मांडवात सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ताट तसंच ठेवून बाहेर आलो. पुढं कामावर लक्ष लागेना. शेवटी एका शुक्रवारी, उपास-प्रार्थनेनंतर, मी पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना सांगितलं.

पाळकसाहेब वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणतो. ते रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. मग म्हणाले, "मंडळीनं उपास करायला पाहिजे. प्रभू बदल करेल."

मी म्हणालो, "साहेब, कुणाला सांगू नका."

"कारण सांगणार नाही. फक्त म्हणेन, भावाच्या लग्नासाठी प्रार्थना करा. हे काही खोटं नाही."

आमच्या मंडळीत उपासाची साखळी धरतात. आज या घरानं, उद्या त्या घरानं, असं करत सगळी घरं एकाच मागणीसाठी उपाशी राहतात. माझ्यासाठी साखळी धरली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चिन्हं येऊ लागली. रस्त्यात भेटलं की लोक पाठीवर थाप मारायचे. आणि जे व्हायचं तेच झालं. लग्नासाठी उपास म्हटल्यावर लोकांनी नुसता उपास केला नाही, मुलगी शोधली. एका बाईची भाची उमरखेडकडची, नर्सिंग झालेली, एका दवाखान्यात कामाला. त्या बाईनं रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून साक्ष दिली की तिनं माझ्यासाठी उपास धरला त्याच दिवशी भाचीच्या घरून फोन आला. सगळा हॉल 'हालेलुया' म्हणाला. पाळकसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू आमच्या दोघांच्या मागणीवर देवानं सही केली होती.

आता मी नाही कसं म्हणू? इतकी घरं माझ्यासाठी उपाशी राहिली होती.

मुलीला भेटलो. वाईट असती तर सोपं गेलं असतं. साधी होती, हसरी होती. तिनं मला एकच विचारलं, "घरच्यापासून एवढे दूर राहता, तुमाले करमते का?" इतक्या दिवसांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, करमतं. ती म्हणाली, "मले नसतं करमलं." बघण्याच्या कार्यक्रमात मुली इतकं खरं बोलत नाहीत. परत येताना बसमध्ये मला तिचीच भीती वाटायला लागली. म्हणजे, मी तिचं काय करून ठेवणार, याची.

याडी अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी पायरीवर बसलो.

"पोरगी कशी हाय?"

"चांगली आहे."

"चांगली तं म्हैसबी राह्यते. तुले आवडली का?"

मी शेंगा सोलायला घेतल्या. ती पुन्हा म्हणाली, "काहून तोंड पाडून बसला बापा? लोकं बायको भेटते म्हणून नाचतात."

तेव्हा मी सांगितलं. पाळकसाहेबांना सांगताना शब्द शोधून ठेवले होते, इथं कसंही, तुकड्या तुकड्यानं सांगितलं. ढोलकवाल्याचंही सांगितलं. ती सोलायची थांबली नाही. मला वाटलं, खोली सोड म्हणते.

ती म्हणाली, "देव तुले काय म्हणते ते मले नाही समजत. ते मी त्याले इचारीन. पण माह्या नवऱ्याचं मन दुसरीकडं होतं, हे मले समजते. त्यानं मले कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण जनमभर पावण्याले वाढावं तसं वाढलं म्या त्याले. त्या पोरीचं तसं नको करू."

"मी रविवारी उभा राहून सगळं खरं सांगतो."

"अन मंग? दुकान जाईन. मालक तुले ठेवीन का? लोकं त्या ढोलकवाल्याच्या घरात घुसतीन, त्याच्या बायकोनं काय करावं? तुह्या आईले फोन जाईन. तू गप बसजो. मी पाहतो."

तिकडं बाया 'पाहतो' म्हणतात. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं.

आमच्या मंडळीत सोयरीक पक्की करण्याआधी एक रीत आहे. मुलगा-मुलगी पुढं उभे राहतात आणि पाळक विचारतात, "कोणाच्या मनाला शांती नसेल तर आताच सांगा." शांती नसणं म्हणजे देवानं आतून अडवणं. कारण द्यावं लागत नाही. पण सहसा कुणी उठत नाही, विचारायचं म्हणून विचारतात. मुलीकडचे उमरखेडहून गाडी करून आले होते. मुलीनं पिवळी साडी नेसली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, आणि प्रार्थनेला डोळे मिटणार एवढ्यात बायांच्या बाजूनं याडी उठली.

"मले शांती नाही."

पाळकसाहेब गोंधळले. "आई, काही कारण?"

"शांतीले कारण लागत नाही साहेब. तुमीच शिकवलं."

मागं कुणीतरी हसलं. मग मुलीची मावशी, ती साक्ष देणारी, उठली. "कारण मी सांगतो! फुकटचं पोरगं भेटलं हिले पाणी भरायले, दळण आणायले. ते हातचं जाईन म्हणून पोट दुखून राह्यलं हिचं!"

दुसरी म्हणाली, "तांड्यातली पोरगी आणायची असीन हिले त्याच्यासाठी."

मी पुढं उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. याडीनं माझ्याकडं बघितलं, रागानं, चूल फुंकताना मध्ये आलं की बघायची तसं. मी तोंड मिटलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांना सगळं समजलं असावं. त्यांनी डोळे खाली केले आणि म्हणाले, "मंडळीत एकमत नाही. सोयरीक थांबवू."

मुलगी कुणाकडंच बघत नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती.

त्यानंतर प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या, रविवारचा स्वयंपाक याडीकडून काढून घेतला. इतकी वर्षं मंडळीचा वरण-भात तीच रांधायची. 'आता तुम्ही आराम करा' असं गोड बोलून सांगितलं. ती दाराजवळ बसायला लागली. बाया तिला सलाम करायच्या, पण तिच्याजवळ कुणी सतरंजी ओढून बसायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे, उमरखेडकडं बोलणं पसरलं की म्हातारीच्या मनाला शांती नव्हती, तर पोरीतच काही असेल. हे कळल्यावर याडी एसटीनं मुलीच्या घरी गेली. पोरगी सोन्यासारखी आहे, दोष आपल्याच डोक्याचा आहे, असं सांगून आली. त्यांनी तिला प्यायला पाणी दिलं नाही. ते मला तिनं आपणहून सांगितलं नाही. बसमधून उतरल्या उतरल्या ती रांजणाकडं गेली आणि उभ्यानं प्याली, त्यावरून मी विचारलं.

पुसदमध्ये मग मला राहवेना. आता मी यवतमाळला असतो, काचेचंच काम करतो. इथं मोठ्या चर्चमध्ये जातो, मागच्या बाकावर बसतो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला अजून सगळ्यांच्या शेवटी उठतो, पण घेतो. प्रभूनं मला बदललं नाही. त्यानं मला टाकलं असंही वाटत नाही, कारण त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढ्या माणसांत तो कुणाच्या बाजूनं उठला, ते मी पाहिलंय. तरी कुणी घरी कळवेल, याची रात्रंदिवस धाकधूक असते. आईचा फोन आला की आधी तिचा आवाज कसा आहे ते ऐकतो, मग मी हॅलो म्हणतो.

वाईट वाटायचं ते बरंच आहे. ते गाणं गेलं, तसे हात वर करून मी पुन्हा गायलो नाही. त्या मुलीचं लग्न झालं की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही. पण सगळ्यांत जास्त लागतं ते दाराजवळची ती जागा. ज्या माणसांना याडीनं रांधून घातलं, त्यांना आजही वाटतं की तिनं स्वार्थापायी एका पोरीचं लग्न मोडलं.

याडी, तुला वाचता येत नाही, हे मीच येऊन तुला वाचून दाखवीन. आणि आज माझ्यात तेवढी ताकद नसली तरी एक दिवस, तू असतानाच, मी त्या हॉलमध्ये येईन, पुढं उभा राहीन आणि तुझ्या मनाला शांती का नव्हती, ते सगळ्यांना सांगेन.