सरांसाठी आलेला डबा

झाकण सरांनी उघडलं. माइकसमोर, सगळ्या कॉलेजसमोर. डबा माझा होता.

हॉल गच्च भरलेला. स्टेजवर मधल्या खुर्चीत भाऊसाहेब बसलेले. ते हळदीचे मोठे व्यापारी. गावात त्यांची अभ्यासिका आहे आणि तिथल्या काही जागा ते गरीब विद्यार्थ्यांना वर्षभर फुकट देणार होते. मला टेबलाशेजारी उभं केलं होतं. सर सांगत होते, "ही मुलगी तांड्यावरून आलेली आहे. रोज कोरडी भाकरी आणि ठेचा खाते. भाकरी ज्या कागदात बांधून येते, तो कागदसुद्धा वाचून काढते. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

आणि त्यांनी झाकण उघडलं.

आत तुपात भिजलेली लापशी होती. गव्हाच्या मऊ पोळ्या होत्या. भरलेली वांगी होती. तुपाचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. सर बोलायचे थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग रांगच्या रांग हसायला लागली. भाऊसाहेबांनी खुर्चीतून वाकून डब्यात पाहिलं आणि माइककडे तोंड करून म्हणाले, "सर, ही पोरगी गरीब, तं मंग आमी कोण?"

हॉल हसून हसून लोळला. मागून एक आवाज आला, "लमाणाच्या पोरीचा थाट बघा रे." सरांनी झाकण लावलं आणि डबा टेबलाखाली सरकवला, पाहुण्यांच्या बुटांजवळ. कार्यक्रम पुढं सुरू झाला. मला कुणी खाली जा म्हटलं नाही. मी आभारप्रदर्शन होईपर्यंत तिथंच उभी होते.

ती लापशी डब्यात कशी आली, ते सांगते.

आमचा तांडा पुसेगावच्या पुढं, फाट्यापासून आत. रोज ये-जा करावी तर संध्याकाळची गाडी कधी येते, कधी येत नाही. म्हणून बी.ए.ला हिंगोलीत खोली केली. पत्र्याची, एका घराच्या मागच्या अंगाला. माझं जेवण एसटीनं येतं. आमच्याकडं बऱ्याच पोरांचं तसंच येतं. बा पहाटे फाट्यावर येऊन डबा गाडीत ठेवतो. ड्रायव्हरच्या मागं, इंजिनाजवळ, कापडी पिशव्यांचा ढीग असतो, प्रत्येकीवर नाव. गाडी स्टँडला लागली की ज्यानं त्यानं आपली पिशवी उचलायची. धुतलेला डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. कंडक्टर पैसे घेत नाहीत.

मी स्टँडवर गाडीच्या आधीच जाऊन बसते. तिथं बाक आहे, उजेड आहे, आणि बसायचं भाडं लागत नाही. खोलीत वाचायची सोय नाही. घरमालकीण बाई नऊ वाजले की मागच्या खोलीची लाइट बंद करते. "बिल कोण भरील?" एवढंच म्हणते आणि बटण दाबते. म्हणून मी दिवस असेपर्यंत वाचते. पुस्तकं पुढच्या वर्गातल्या मुलींची, परीक्षा संपली की मागून आणलेली. त्यांनी नको तिथं खुणा केलेल्या असतात, त्या खोडत बसावं लागतं. झेरॉक्सवाल्याकडं बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा असतो, तो एका बाजूनं कोराच. त्यावर मी नोट्स काढते. आधी पेन्सिलनं, मग त्यावरूनच पेननं, म्हणजे एका कागदाचे दोन होतात. बा हसतो. "दात कोरून पोट भरत न्हाई, बाई," म्हणतो. न भरू दे. माझ्याकडं कोरायला तेवढंच आहे.

आणि भाकरीचा कागद. किराणा दुकानातला जुना पेपर. तेलाचे डाग पडलेल्या त्या तुकड्यावर अर्धी बातमी असते, अर्धी दुसऱ्याच कुणाच्या भाकरीला गेलेली. मी उरलेली अर्धी मनात लिहिते. बोलायला कुणी नसलं की माणूस असले उद्योग करतो. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं असं नाही, बसायचे. बोलायचे नाहीत.

एक दिवस सरांनी मला स्टँडवर तो कागद वाचताना पाहिलं. विद्यार्थी कल्याणाचं काम त्यांच्याकडं होतं. शेजारी बसले, विचारलं. मी सांगत गेले. पेन्सिल, पेन, बटण, सगळं. कॉलेजात आल्यापासून कुणी एवढं विचारलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं होतं, हे खरं आहे. उठताना म्हणाले, "शनिवारी कार्यक्रम आहे. तुझा डबा घेऊन वर स्टेजवर ये."

आमच्या तांड्यात कुणी आपणहून तुमची भाकरी मागितली, तर तो तुम्हाला आपलं मानतो. बाहेरचा माणूस तर सहसा पाणीही टाळतो. मला वाटलं, सर माझ्यासोबत जेवणार. सगळ्यांसमोर, मुद्दाम, पोरांनी बघावं म्हणून. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही.

मी याडीला फोन केला. आईला आम्ही याडी म्हणतो. घरात आमची गोरमाटी बोली, इथं मराठीत लिहिते. म्हटलं, "याडी, शनिवारी सर आपलं जेवणार हायेत." तिला खरं वाटेना. मग म्हणाली, "कोणते सर? कॉलेजचे?" "व्हय." "आपलं?" "व्हय, आपलं." मग तिनं शेजारणीकडून तूप आणलं. रात्रीच गहू भरडले. शनिवारी पिशवी उचलली तर नेहमीपेक्षा जड लागली. कंडक्टर म्हणाला, "काय गं, पाहुणे हायेत काय आज?" मी हसून मान हलवली.

तर अशी ती लापशी.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला जिन्यात गाठलं. "अगं, रोजचा डबा आणायचा ना. हे काय आणलंस? माझी फजिती केलीस. भाऊसाहेब काय म्हणतील?" अभ्यासिकेतली जागा त्या दिवशी मला मिळाली नाही. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ते असं. डबा माझा, तांडा माझा, मोठेपणा त्यांचा, आणि वर फजितीही त्यांचीच झाली.

आणि मी काय म्हणाले? "चुकलं सर."

हॉल रिकामा झाल्यावर टेबलाखालून डबा काढला आणि स्टँडच्या मागं गेले, जिथं बंद पडलेल्या गाड्या उभ्या असतात. तिथं बसून सगळं खाल्लं. भूक नव्हती. पण डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा होता आणि तो भरलेला जाऊन चालणार नव्हता. लापशी थंड होऊन घट्ट झाली होती. गिळवत नव्हती. नळाच्या पाण्याबरोबर ढकलली. जिनं पहाटे उठून ती केली तिच्यासाठी ढकलली. मग डबा घासला आणि गाडीत ठेवला.

रात्री याडीचा फोन. "समदं खाल्लं ना सरानं? पार चाटूनपुसून आलाय डबा." आवाजात एवढा आनंद होता की मी नुसतं 'हं' केलं. तिनं तो होकार समजला. तेव्हापासून दर शनिवारी पिशवीत वेगळी पुरचुंडी येऊ लागली. कधी धपाटे, कधी दशम्या. सरांच्या वाट्याच्या. आणि दर शनिवारी मी त्या बंद गाड्यांमागं बसून सरांचा वाटा खाऊ लागले. वर्गात माझं नाव 'लापशी' पडलं होतं. आता बाकावरही कुणी बसत नव्हतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी मला बोलावलं. आवाज एकदम मऊ. "भाऊसाहेबांनी अभ्यासिकेचा वरचा मजला बांधलाय. उद्या उद्घाटन आहे. या वेळी तुझी जागा पक्की. दिवा, पंखा, सगळं. पहाटेपासून रात्रीपर्यंत बस. फक्त एक कर. डबा साधा आण. भाकरी, ठेचा, आणि तो पेपरचा कागद. आणि ड्रेस जरा जुना घाल."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. ती जागा मी बाहेरून पाहिली होती. फळीचे छोटे कप्पे, प्रत्येकाला स्वतःचा दिवा. बटण आपल्या हातात. त्या बटणासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, असं मला तोवर वाटत होतं.

संध्याकाळी डबा परत ठेवून याडीला फोन लावला. बेल वाजत होती आणि मी वाक्य जुळवत होते. याडी, उद्या साधं पाठव. याडी, उद्या भाकरी वाळलेली पाठव. याडी, गरिबाघरची वाटंल अशी पाठव. तिनं फोन उचलला. "बोल गं लेकरा." माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. जिनं सरांसाठी तूप मागून आणलं, तिला मी सांगू की आपली गरिबी नीट दिसत नाही, जरा अजून वाळव? बाहेर लोकांनी मला काही म्हणावं, मी खाली मान घालून ऐकलंही असतं. पण तिच्या चुलीपर्यंत जाऊन तिला तिच्याच हातानं आमचा अपमान रांधायला लावणं मला जमणार नव्हतं. त्या क्षणी माझ्या अंगातली भीती गेली. कुठं गेली, ठाऊक नाही. "काही न्हाई, असाच केला," म्हणून मी फोन ठेवला.

सकाळी प्राध्यापकांच्या खोलीत गेले. सगळे चहा घेत होते. मी दारात उभं राहून म्हटलं, "सर, माझा डबा जेवायचा असंल तर या. दाखवायचा असंल तर मिळणार न्हाई."

कप थांबले. सर उठलेही नाहीत. "जागा नको का तुला?"

"जागा पायजे. डबा दाखवून नको."

"मग बस अंधारात," ते म्हणाले. एका मॅडमनी बशीत बिस्किट बुडवलं, एवढं आठवतं. जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली.

त्या शनिवारी पिशवीत पुन्हा पुरचुंडी होती. मी याडीला फोन केला आणि सगळं सांगितलं. हॉल, झाकण, बुटं, बंद गाड्या.

मग तिनं विचारलं, "म्हंजे त्या दिवशी सर उपाशीच ऱ्हायले?"

"न्हाई याडी. त्येंना आपली भूकच नव्हती."

"मंग लापशी?"

"मी खाल्ली. समदी."

तिनं फोन ठेवला. पुढच्या शनिवारपासून पुरचुंडी बंद झाली.

मी अजून स्टँडच्या बाकावर वाचते. गाडी येईपर्यंत, आणि गाडी गेल्यावरही. आता डबा तिथंच उघडते, बाकावर, सगळ्यांसमोर. कुणी बघितलं तर बघू दे. पोरं 'लापशी' म्हणून हाक मारतात, तेव्हा मी वर बघते आणि त्यांनी नजर खाली घालेपर्यंत बघत राहते. मी पास होईन. त्यापुढंही शिकेन. बटण माझ्या हातात येईल, आणि ते कुणाच्या कृपेनं येणार नाही.

त्या जिन्यात मी "चुकलं सर" म्हणाले होते. माझं काही चुकलं नव्हतं. याडीचं तर नव्हतंच. तो शब्द मी परत घेतला आहे. पुन्हा कुणालाही देणार नाही.