जांभळ्या कोटासाठी मोर्चा

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. लातूरला वडिलांचा पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्राचा छोटा छापखाना होता. तिथं लग्नपत्रिकांच्या जोरावर मोर्च्यांची पत्रकं निघायची. मी अक्षरं जुळवायला शिकले तीच ‘जागे व्हा’पासून. हे शब्द मला ‘जेवायला चला’ इतके घरगुती वाटायचे.

पण माझं एक गुपित होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार इंग्रजी रद्दीत शेंगदाणे बांधून द्यायचा आणि त्या रद्दीत एक चित्रपट्टी असायची. जांभळ्या कोटातला गुप्तहेर आणि त्याला चकवणारा एक मुखवटेवाला. तेलकट पट्ट्या मी वहीत चिकटवत गेले. मुखवट्यामागं कोण, हे शेवटच्या पट्टीत कळणार होतं, आणि नेमकी तीच दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांना गेली. पुढं कित्येक दिवस मी शेजाऱ्यांच्या पुड्या संशयानं बघत होते.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता आणि पाऊस गायब होता. तो जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं आमच्याकडचे म्हणत. तिकडचे म्हणत, तुम्हीच नेला.

अशात एक दिवस टॉकीजचा मॅनेजर छापखान्यात आला.

“पोरी, बाप कुठंय?”

“मुखेडला गेलेत, पाहुण्यांकडं.”

“मग तूच लिही. इंग्रजी पिक्चर हाय. एक गुप्तहेर हाय, जांभळा कोट घालून फिरतो...”

माझ्या हातातला टाइपाचा खिळा खाली पडला.

“रविवारी सकाळचा खेळ भरला न्हाई,” तो म्हणाला, “तर रिळं भाड्यानं देणाऱ्या पेटीवाल्याचा माणूस दुपारच्या एसटीनं पिक्चर नांदेडला घेऊन जाणार. एकच खेळ हाय आपल्या हातात.”

म्हणजे मुखवटा लातुरात उतरणार की नाही, हे आता माझ्या पत्रकावर होतं. मी जीव ओतून लिहिलं.

“जागे व्हा! शहरावर गुंडांचं राज्य आहे. खुर्चीवाले त्यांच्या खिशात आहेत. एकच माणूस लढतो आहे. त्याला एकटं पाडू नका! रविवारी सकाळी दहा वाजता टॉकीजसमोर प्रचंड संख्येने जमा!”

परक्या गुप्तहेराच्या नावानं कोण येणार, म्हणून पिक्चरचं नाव मी अगदी तळाशी, छापखान्याचं नाव असतं तिथं, बारीक टाइपात टाकलं. चित्र हवंच होतं. आमच्याकडं तीनच ठसे होते: गणपती, नवरा-नवरी आणि आवळलेली मूठ. गुप्तहेर ठोसे मारतो, म्हणून मी मूठ छापली. माझ्या मते यात काहीही खटकण्यासारखं नव्हतं.

रविवारी टॉकीजसमोर दीडेकशे बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या उन्हाळ्यात मोर्चा म्हणजे पाण्याचाच. वेगळं लिहायची गरज नव्हती.

मॅनेजर पांढराफटक पडला. मग त्यानं पेटीवाल्याच्या माणसाकडं बघितलं, रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं आणि ओरडला, “आत या, माय! सावली हाय, पंखे हायेत! तिकीट न्हाई!”

“घागरी भाईर ठिवा,” दारवान म्हणाला.

“तुझी बायको ठिवती का?” आमच्या गल्लीतली मावशी म्हणाली. घागरी आत गेल्या. एकेका खुर्चीवर एकेक घागर बसली.

पिक्चर सुरू झाला आणि मी दुष्काळ विसरले. सगळं पट्टीतल्यासारखंच सपाट, भडक रंगात. चंद्र हिरवा, मोटारी लाल, आणि रस्ते ओलेचिंब. चकाकी यावी म्हणून त्यांनी अख्खं शहर धुऊन काढलं होतं.

“ह्ये रस्ते कशापायी धुतले गं?” मावशीनं विचारलं.

“शोभेसाठी.”

“शोभेसाठी?” तिनं ही बातमी मागच्या रांगेला दिली. रांगेमागून रांग चिडत गेली.

मग मारामारीत एका गुंडाचं डोकं रस्त्यातल्या नळावर आपटलं. नळ फुटला, पाण्याचा खांब आभाळात गेला आणि सगळं थिएटर उभं राहिलं.

“आगं, बंद करा की कुणीतरी!”

“ए कोटवाल्या! आधी तोटी फिरव, मग हाण!”

“गप बसा ना!” मी किंचाळले. शोषितांना मी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकवत होते. लाज वाटली, पण नजर हटेना. गुप्तहेरानं मुखवटेवाल्याला भिंतीशी दाबलं होतं. हात मुखवट्याकडं चालला होता.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

पत्रक कलेक्टर कचेरीतही पोचलं होतं. नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांना मोर्चा टॉकीजवर का, हे कुणी सांगू शकेना, म्हणून त्यांनी खबरदारीपोटी पाण्याचा टँकर धाडला होता.

घागरींचा असा खणखणाट झाला की पडद्यावरचं संगीत ऐकू येईना. “चल की!” मावशी माझा दंड ओढत म्हणाली. “तूच लिव्हलंस ना, एकटं पाडू नका म्हून?”

बोटं मुखवट्याच्या कडेला लागली होती. पण बाहेर रांग लावायला कुणी नसलं, तर दणकट बाया तीन-तीन घागरी भरतात आणि मावशीसारख्या म्हाताऱ्या शेवटी चिखल नेतात. हे मीच तीन पत्रकांत लिहिलं होतं. मी गेले. खडूनं घागरींवर नंबर टाकले, भांडणं सोडवली, शिव्या खाल्ल्या.

परत आले तेव्हा पडदा पांढरा होता. धावत मशीनवाल्याकडं गेले. “काका, कोण होता मुखवट्यात?”

“काय म्हाईत,” तो म्हणाला. त्याच्या पायाशी दोन भरलेल्या बादल्या होत्या. “मी बी लायनीत व्हतो.”

दारवान लाइनीत. मॅनेजर लाइनीत. शेवट आख्खा रिकाम्या खुर्च्यांनीच बघितला. पेटीवाल्याच्या माणसानं मान हलवली. “शेवटाला एक माणूस बसला न्हाई. असला पिक्चर चालत नसतो.” आणि पेटी नांदेडला गेली.

वडील मुखेडहून आले. त्यांनी पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं.

“झकास आहे,” म्हणाले. “पण मागण्या लिहायच्या राहिल्या.”

मागणी एकच होती: मुखवटा उतरवा. ती आजपर्यंत मान्य झालेली नाही.