उरलेलं हॅम घेऊन बोरिवली ते घाटकोपर

नाताळचं उरलेलं हॅम आणायला मी मुलुंडहून बोरिवलीला जातेय, हे ऐकून ऑफिसात सगळे हसले. हसू देत. माझी शाळेतली मैत्रीण लॉर्ना दरवर्षी एक मोठा तुकडा बाजूला ठेवते आणि माझा धाकटा भाऊ महेश त्याच्या गरम सँडविचवर जीव टाकतो. यंदा नाताळ गुरुवारी आला, आणि गुरुवारी आमच्यात कोणीच नॉनव्हेज खात नाही, म्हणून शुक्रवारची रजा टाकली.

जाणाऱ्यांसाठी: बोरिवलीला लॉर्नाच्या आयसी कॉलनीतून मेट्रो घ्या, अंधेरी पश्चिमेला उतरून घाटकोपरची दुसरी पकडा. दोन्ही तिकिटं मिळून शंभराच्या आत. ब्रेड कॉलनीतल्या बेकरीतूनच घ्या.

महेश घाटकोपरला भाड्याने राहतो. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. मी आत शिरताच त्याने खिडक्या लावल्या, उदबत्ती पेटवली.

"अकरा महिन्यांचा करार संपत आलाय, ताई. इथे नॉनव्हेज चालत नाही."

"मग आधी सांगायचं ना!"

"खायचं होतं ना यार."

हॅमचे पातळ काप लोण्यावर परतायचे, चरबीच्या कडा कुरकुरीत होईपर्यंत. ब्रेडला हिरवी चटणी, वर कांदा, चीज, आणि हाताचा टोस्टर गॅसवर उलटसुलट. पहिलं सँडविच महेशने उभ्यानेच, जीभ भाजत संपवलं. दुसरं होत होतं तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी.

"कसला वास येतोय?"

"पनीर आहे, काका," महेश म्हणाला. तिशी उलटलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून!

माझं डोकंच फिरलं. "हॅम आहे. डुकराचं. देऊ का एक?"

"मालकांशी बोलतो," म्हणत ते जिना उतरले. महेश माझ्यावरच उखडला.

"तू जाशील मुलुंडला, स्वतःच्या घरात. मी तान्हं पोर घेऊन कुठे घर शोधू?"

मला नुसता राग येत होता. त्याच्यावर, त्या माणसावर, वेळेवर भाडं भरणाऱ्याच्या ताटात नाक खुपसणाऱ्या सगळ्यांवर. महेशने उरलेलं हॅम डब्यात भरून माझ्या हातात दिलं. रिक्षाने मुलुंड गाठलं. एलबीएस रोडवर तासभर धरून चाला.

घरी खिडक्या सताड उघडून सँडविच केलं. चव झकास, पण अर्धं ताटातच ठेवलं. मग महेशचा फोन आला.

"मिटलं गं ताई. करार वाढवून देतायत."

"कसं काय?"

"सांगितलं, बहिणीने आणलं होतं, ती परत या घरात येणार नाही." मग घाईने म्हणाला, "बारसं आपण हॉल घेऊन करू ना."