वैशाली नावाची ब्रांच

आम्ही जुने कलीग भेटलो, की कोड कोणालाच आठवत नाही, घोळ तेवढे आठवतात. हे किस्से साठतात कुठे, देव जाणे! एक काढला की मागून दोन निघतात.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर आमचं सात जणांचं ऑफिस. सिन्नरच्या एका कारखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचो. एकाच प्रोग्रामवर सगळ्यांचं काम, म्हणून प्रत्येकाची वेगळी प्रत. तिला म्हणायचं ब्रांच. देशपांडे सरांचा नियम होता, ब्रांचला माणसाचंच नाव द्यायचं. "बिघडलं तर हाक कोणाला मारायची, ते कळलं पाहिजे!"

*

आमच्यात सचिन दोन. एक देवळाली कॅम्पहून यायचा, म्हणून त्याची ब्रांच 'सचिन कॅम्प'. त्यानं सिडकोत फ्लॅट घेतला आणि सरांकडे रीतसर अर्ज केला, की ब्रांचचं नाव बदलून मिळावं. सोबत लाइट बिलाची झेरॉक्स!

सर म्हणाले, "अरे, रेशनकार्ड आहे का ते?"

पण बदललं.

*

बदललं ते सोमवारी सकाळी, कोणाला न सांगता. ज्यांचं काम त्या ब्रांचला जोडलेलं, त्यांची मशीन जुनंच नाव शोधत बसली. जेवणापर्यंत सगळं ठप्प.

सर शांतपणे डबा उघडत म्हणाले, "बदलायला दोनच मिनिटं लागली बरं का."

*

ब्रांचचं नाव कारखान्यातल्या स्क्रीनच्या कोपऱ्यातही दिसायचं. एकदा कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला, "त्या वैशालीत लय चुका हायेत. तिला बंद करा न् जुनी चालू करा."

फोन आमच्या वैशालीनंच उचललेला. म्हणाली, "मीच बोलतेय. सांगा, लिहून घेते."

*

या वैशालीचं लग्न ठरलं, येवल्याला. मुलगा चांगला, पण सासूबाईंनी नवं नाव आधीच पक्कं केलेलं. ऐश्वर्या! वैशालीला डबा जाईना. "सव्वीस वर्षं वैशाली आहे मी. एका दिवसात कशी पुसून टाकू?" म्हणाली आणि रडलीच. आम्हाला फार वाईट वाटलं, पण बोलणार कोण?

मग पत्रिका द्यायला सासूबाई स्वतः ऑफिसात आल्या. सरांना म्हणाल्या, "लग्नानंतर हिला ऐश्वर्या म्हणायचं. तुमच्याकडंही तेवढं नाव बदलून घ्या."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बदलू की. फक्त सिन्नरला कळवावं लागेल. कारखाना बंद ठेवावा लागतो."

"अगंबाई! हिच्या नावासाठी?"

"हिच्याच नावावर चालतोय सध्या."

"किती दिवस बंद?"

"ते नाही सांगता येत, ताई."

आम्ही बाकीचे स्क्रीनमध्ये तोंड घालून बसलो.

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं. वैशालीनं वाकून वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. साखर वाटली गेली. नवऱ्याच्या आत्याबाई पुढं सरकल्या, "हे तर जुनंच नाव! बदललं नाही?"

सासूबाई म्हणाल्या, "कसं बदलायचं हो? शे-दीडशे कामगारांच्या पोटाचा प्रश्न आहे!"