दोन सखाराम

जुन्या खानेसुमारीच्या पिवळ्या पानावर माझे पणजोबा सखाराम मला भेटले, तेव्हा ते रांगते मूल होते. त्यांच्यासाठी मी भांडत होतो. वंशावळ छापायला निघाली असताना माझा लांबचा चुलतभाऊ वसंता सर्वांसमक्ष म्हणाला होता, "त्या पिढीत सखाराम एकच होता, आणि तो आमचा. तुमची शाखा मागाहून चिकटलेली!" हे ऐकून घेणे माझ्या स्वभावात नाही.

पानावर दोन भावांची दोन घरे होती आणि दोन्ही घरांत एकेक सखाराम. पुढे सारावसुलीच्या वहीतही दोघांची शेते निराळी. दोघा भावांनी आपल्या दिवंगत वडिलांचेच नाव आपापल्या मुलाला ठेवले होते, इतकी साधी गोष्ट. ती मी वसंताला फोनवर सावकाश, शब्द न् शब्द ऐकवली.

"मान्य, दादा. जिंकलात," तो म्हणाला. "पण सासऱ्याचं नाव सुना घेत नसत. मग त्या पोराला त्याची आई हाक काय मारायची?"

ज्या नावासाठी मी इतका झगडलो, ते त्या माउलीने आदरापोटी कधी उच्चारलेच नसेल. तिने दुसरेच एखादे लाडके नाव ठेवले असेल, आणि नोंद करायला दारी आलेल्या कारकुनाला ते विचारावेसे वाटले नसेल.

वंशावळीत त्या पिढीत आता दोन सखाराम छापले जातील. आमची शाखा शाबूत आहे. पण ते रांगते मूल उंबरठ्याकडे निघाले, तर कोणत्या नावाने त्याला मागे बोलवावे, हे मला ठाऊक नाही.