मावशींची सात वर्षं

मला कधी हृदयविकाराचा झटका आलाच, तर तो मावशींमुळे येईल, असं मी घरी सांगून ठेवलं आहे. डॉक्टरांनी तेल, मीठ, जिना सगळं विचारून घेतलं. पण पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर राहणाऱ्या, आदिवासींनीच उभ्या केलेल्या एका छोट्या संस्थेच्या, सत्तरीला टेकलेल्या अध्यक्षबाई तुमच्या ओळखीच्या आहेत का, हे काही विचारलं नाही. तपासणी अपुरीच म्हणायची.

मी निवृत्त शिक्षक. ऐन उमेदीत तिकडच्या आश्रमशाळेत होतो, तेव्हापासूनची ही ओळख. पाड्यातल्या पाण्याच्या, शेतीच्या कामांसाठी संस्थेला लागणाऱ्या अनुदानाचे अर्ज मी लिहून द्यायचो. अनुदान मिळायचं एकेका वर्षाचं, त्यामुळे दर थंडीत मावशी एसटीने नाशिकला यायच्या, माझ्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसायच्या (खुर्चीत त्यांना काही सुचत नाही) आणि मी लिहिलेलं मला मोठ्याने वाचायला लावायच्या. 'वंचित' शब्द आला की हात वर व्हायचा. "गुर्जी, हे कोण?" "तुम्हीच, मावशी." "काढा." मी काढायचो. मग 'दुर्बल' निघायचा, 'मागास' निघायचा, आणि शेवटी अर्जाचा मथितार्थ एवढाच उरायचा, की आम्ही चांगले धडधाकट आहोत, तरी पैसे द्या. आश्चर्य म्हणजे लोक द्यायचे.

एकदा आम्ही एका कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तुमची संस्था स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार? मावशींनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "साहेब, लेकरू आत्ता कुठं पाऊल टाकतंय, अन् तुम्ही दर वर्षाला त्याला खाली बसवून विचारता, चालशील का नाय. चालंल कसं?" आणि मला एका शब्दाने न विचारता त्यांनी सात वर्षांचं अनुदान मागून टाकलं. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. एका वर्षासाठी आम्ही चपला झिजवायचो, आणि ही बाई सात वर्षं मागत होती. त्याहून मोठा धक्का चार महिन्यांनी बसला. साहेब हो म्हणाले.

मार्चअखेर करारावर सही घ्यायला कंपनीचा एक तरुण अधिकारी गाडी घेऊन पाड्यावर आला. सही त्याच दिवशी व्हायला हवी होती, नाहीतर सगळं रद्द. समाजमंदिरात माणसं जमली, मीही नाशिकहून आलो होतोच, चहा झाला. मावशींनी पेन हातात घेतलं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पेन खाली ठेवलं.

"एक चूल कमी हाय."

लांबचा शब्द द्यायचा तर पाड्यातल्या प्रत्येक चुलीने समोर बसून हो म्हणायचं, ही त्यांची रीत. कमी पडलेलं घर जानूचं, आणि ते सगळं दिंडोरीला द्राक्षं तोडायला गेलेलं. अधिकारी म्हणाला, फोन लावू की. "फोनवर हो म्हणायला ते काय रिचार्ज हाय का?" असं म्हणून मावशी त्याच्या गाडीत जाऊन बसल्यासुद्धा. अधिकारी आणि मी मागोमाग.

द्राक्षबागेत जानू हातात कात्री धरून सगळं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "माझं नाय."

मी घड्याळाकडे पाहिलं. "मागं एक संस्था आली," तो सांगू लागला, "माझ्या वावरात विहीर खणाया लागली. वर्ष सरलं, पैसं सरलं, माणसं निघून गेली. अर्धी विहीर तशीच हाय. पाणी असतं तर मी पोरंबाळं घेऊन इथं आलो असतो का?"

मी आशेने मावशींकडे पाहिलं. त्यांनी समजूत घालावी, दटावावं, निदान विनवावं. "खरं हाय त्याचं," एवढं म्हणून त्या वेलीच्या सावलीत मांडी घालून बसल्या. साडेचार वाजून गेले होते. सात वर्षं माझ्या डोळ्यांदेखत हातची चालली होती आणि अध्यक्षबाई निवांत द्राक्षं खात होत्या. हे मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

शेवटी त्या अधिकाऱ्यानेच साहेबांना फोन लावला. बराच वेळ बोलला आणि करारात पाण्याच्या कामांखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, की पहिल्या वर्षी पहिलं काम जानूच्या विहिरीचं. जानूने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग हो म्हणाला. मावशींनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मी तिथेच बांधावर बसून मावशींनी ठेवलेली द्राक्षं संपवली.

विहिरीला पाणी लागलं. पुढच्या हंगामात दिंडोरीला जाणार नाही, असं जानूने सांगून टाकलं. बातमी कळल्यावर मी घरी पेढे आणले.

मग थंडी पडली आणि मावशी आल्या नाहीत. दोन-तीन दिवस मी एसटीच्या वेळेला उगाच दाराशी घुटमळलो. शेवटी फोन केला. "आता कशाला येऊ, गुर्जी?" त्या म्हणाल्या. "अर्ज कुठं करायचाय?" खरंच होतं. सात वर्षांच्या अनुदानासाठी मीही जीव टाकला होता, पण त्यात आपल्या सात भेटी जातील, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, आणि वाईटही.

"सात वर्षांनी येते की," मावशी सहज म्हणाल्या.

मी बहात्तरचा आहे. म्हणालो, "या. मी वाट बघतो."